आईकडची प्रत

रफूवालीची खोली एका ड्रायक्लीनरच्या दुकानामागे, जिन्याखाली होती. खोली नावालाच. एक टेबल, एक उंच स्टूल, भिंतीला दोऱ्यांच्या रिळांची फळी आणि उत्तरेकडे उघडणारी एक खिडकी. त्या खिडकीतून दिवसभर सारखा, न बोचणारा उजेड यायचा, आणि त्या उजेडापायी तिने बत्तीस वर्षं ती कोंदट जागा सोडली नव्हती. कोटाला सिगरेटने पडलेलं भोक, लोकरी शालीला लागलेली कसर, खिळ्यात अडकून फाटलेली नवी कोरी पँट, असलं सगळं तिच्याकडे यायचं. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून ती चार धागे हळूच काढून घ्यायची, फाटका भाग लाकडी कड्यावर ताणायची आणि आडवा धागा उभ्याच्या वरून, खालून नेत भोक बुजवून टाकायची. कपडा परत नेताना गिऱ्हाइकं तो उलटसुलट करून भोक शोधत बसायची. सापडलं नाही की आपलीच काहीतरी चूक झाली असावी, असा त्यांचा चेहरा व्हायचा.

वय अठ्ठावन्न, आणि अजून चष्मा नव्हता. सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवायची. बाईंना मुंगीचे पाय मोजायला सांगा, असं ड्रायक्लीनर येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचा. ती मान खाली घालून काम करत राहायची. डोळ्यांचं कौतुक तिला नकोसं व्हायचं, आणि त्याला कारण होतं.

तिचे वडील पोस्टमन होते. तिशी उलटली तसा संध्याकाळच्या डाकेला त्यांचा गोंधळ उडायला लागला. लख्ख उन्हातून एखाद्या इमारतीच्या अंधाऱ्या जिन्यात शिरले की हात भिंतीला टेकवून खांबासारखे उभे राहायचे. पुढे बाजूचं दिसेनासं झालं. समोर धरलेल्या पाकिटावरचं अक्षर न् अक्षर वाचायचे, पण शेजारून येणारी सायकल त्यांच्या अंगावर येईपर्यंत त्यांना कळायची नाही. चाळिशीत नोकरी सुटली आणि पन्नाशीत समोरचंही गेलं. तिच्याहून दोन वर्षांनी लहान भाऊ होता, छोट्या. आता छप्पन्न वर्षांचा आणि अंगाने चांगला आडवा झाला तरी सगळे त्याला छोट्याच म्हणत. त्याची गतही विसाव्या वर्षापासून वडिलांसारखीच होत गेली. मधे ती तेवढी कोरडी राहिली. वडिलांची बहीण, म्हणजे आत्या, तीही शेवटपर्यंत ठणठणीत होती. त्यावरून घरात पक्कं ठरून गेलं, की हे दुखणं पुरुषांचं आहे, मुलींना ते होत नाही.

तिचं लग्न ठरवायला मुलाकडची माणसं आली, तेव्हा त्यांनी साहजिकच विचारलं, की वडिलांचे डोळे कशाने गेले. कुणी काही बोलायच्या आत वडिलांनीच उत्तर दिलं. डाकेच्या गाडीची बॅटरी उघडत होतो, ॲसिड उडालं. हे इतक्या शांतपणे सांगितलं, की क्षणभर तिलाही ते खरं वाटलं. छोट्याला त्या दिवशी खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवून ठेवलं होतं आणि काहीही झालं तरी उठायचं नाही, अशी ताकीद दिली होती. तो बिचारा तीन तास बसून राहिला. पाहुणे निघाले तेव्हा आवाजाच्या दिशेने बघून हसला, आणि मुलगा जरा गर्विष्ठ दिसतो, असं मत घेऊन पाहुणे गेले.

पहिलं खोटं वडिलांचं होतं, पुढे नात्यातही तेच सांगितलं गेलं. दुसरं तिचं स्वतःचं. लग्नानंतर दहा-बारा वर्षांनी छोट्याची नजर पुरती गेली, तेव्हा नवऱ्याला तिने सांगितलं, त्याला मोठा ताप आला होता, तो डोळ्यांत उतरला. नवऱ्याने विश्वास ठेवला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. सरळ माणूस, स्क्रू जिथून काढला तिथेच परत लावणारा. सासऱ्यांची ॲसिडची गोष्ट त्याने इतकी मनावर घेतली होती, की लिफ्टच्या मशीनखोलीत बॅटरीच्या आसपास जायचं झालं तरी तो डोळ्यांवर जाड चष्मा चढवायचा आणि हाताखालच्या माणसांनाही चढवायला लावायचा. कुणी टाळाटाळ केली, की माझ्या सासऱ्यांचं काय झालं माहीत आहे का, म्हणून सुरू व्हायचा. घरी येऊन तो हे सांगायला लागला, की ती उठून आत जायची.

त्यांना एकच मुलगी. सत्तावीस वर्षांची, शाळेत खेळाची शिक्षिका. बॅडमिंटन शिकवायची, पोरींना मैदानाभोवती पळवायची, आवाज असा की शिट्टीची गरज पडत नसे. तिचं एका मुलाशी जमलं होतं. तो नकाशे काढायच्या कचेरीत होता, शांत, बोलायला सौम्य. दोघं वर्षभरात लग्न करणार होती.

एका संध्याकाळी जिन्यातला दिवा गेलेला असताना मायलेकी वर चढत होत्या. लेक पुढे होती. पहिल्या वळणावर ती थबकली आणि तिने डावा हात भिंतीला टेकवला. बोटं पसरून, तळवा सपाट ठेवून, जशी भिंत पडत असावी आणि ती धरून ठेवायची असावी.  तो हात रफूवालीने ओळखला. लहानपणी असंख्य वेळा तिने तो बघितला होता.

ती काही बोलली नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढचे दोन महिनेही नाही. फक्त बघत राहिली. लेकीच्या कोपराला लागून पेला कलंडायचा. शेजारी कुणी येऊन बसलं तरी लेक दचकायची. दर वेळी आई मनाला समजवायची, की धांदरट आहे, दमली असेल, मुलींना होत नाही.

मग शाळेत एक अपघात झाला. सातवीतली एक मुलगी बाजूने पळत आली, लेकीला ती दिसलीच नाही, वळताना रॅकेटचा दांडा त्या मुलीच्या तोंडावर बसला आणि तिचा पुढचा दात तुटला. मुलीच्या घरच्यांनी समजून घेतलं, पण लेकीने मनाला फार लावून घेतलं. दुसऱ्याच दिवशी ती आपण होऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी एका मोठ्या गोल यंत्रात डोकं ठेवायला सांगितलं, दिवे चमकले की बटण दाबायचं म्हणाले. कागद बाहेर आला तो चहूबाजूंनी काळा आणि मधे पांढरा असा होता. डॉक्टरांनी तिला विचारलं, घरात आणखी कुणाला असं आहे का. ती म्हणाली, आजोबा आंधळे होते आणि मामा आहेत, पण ते वेगळं आहे. डॉक्टरांनी लगेच मोठ्या रुग्णालयातल्या जनुकशास्त्र विभागाची चिठ्ठी लिहून दिली. आईवडिलांना घेऊन जा, असं दोनदा सांगितलं.

त्या विभागाची खोली लहान होती. एक डॉक्टर बाई, वयाने रफूवालीहून पुष्कळ लहान, समोर कोरा कागद घेऊन बसल्या होत्या. पुरुषांसाठी चौकोन, बायकांसाठी गोल, आणि ज्याला आजार आहे तो काळा करायचा, असं त्यांनी आधी समजावून सांगितलं. लेकीचा गोल त्यांनी काढला आणि काळा केला. मग त्या वर सरकल्या. आजोबांवर आल्या, तशी लेक म्हणाली, त्यांचा अपघात झाला होता. नवऱ्याने लगेच दुजोरा दिला आणि डाकेच्या गाडीपासून सुरुवात करून सगळी गोष्ट सांगायला घेतली. बॅटरीचं झाकण कसं उघडलं, ॲसिड कुठल्या बाजूने उडालं. इतकी वर्षं सांगून सांगून ती त्याच्या तोंडी अगदी मुरली होती.

डॉक्टर बाईंनी पेन्सिल टेकवली नव्हती. त्या रफूवालीकडे बघत होत्या.

"अपघात झाला नव्हता," ती म्हणाली.

नवरा बोलता बोलता थांबला.

"त्यांना आधी रात्रीचं दिसेना. मग बाजूचं. मग काहीच नाही. छोट्याचंही तसंच. ताप आला नव्हता त्याला." ती हे टेबलाकडे बघत बोलली. "तो चौकोन काळा करा. दोन्ही करा."

डॉक्टर बाईंनी दोन्ही चौकोन काळे केले.  मग त्यांनी विचारलं, तुम्हाला स्वतःला दिसायला काही त्रास? ती म्हणाली, मी रफू करते. डॉक्टर बाईंनी मान हलवली, तिचा गोल पांढराच ठेवला, पण त्यात पेन्सिलने एक बारीक ठिपका काढला. चौघांचं रक्त तपासावं लागेल, असं त्या म्हणाल्या. लेकीचं, तिचं, नवऱ्याचं आणि छोट्याचं.

घरी जाताना नवरा बसमध्ये वेगळ्या बाकावर बसला. त्यानंतर अकरा दिवस तो कामापुरतंच बोलला. किल्ली कुठे आहे, नळ बंद केला का, इतकंच. आदळआपट नाही, टोमणे नाहीत. कुणी भांडलं असतं तर तिला सोपं गेलं असतं. लेकही घुमी झाली होती. एकदा ती आईच्या खोलीवर आली, स्टुलापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "तुला आधी कळलं होतं ना? जिन्यात?" आईने हो म्हटलं. लेक म्हणाली, "दोन महिने आधी गेले असते, तर त्या पोरीचा दात वाचला असता." एवढं बोलून गेली. रफूवालीच्या हातात त्या वेळी कुणाचा तरी राखाडी कोट होता. त्या दिवशी तिने घातलेले धागे संध्याकाळी सगळे उसवावे लागले.

बाराव्या दिवशी सकाळी नवरा बूट घालता घालता थांबला. एक बूट पायात, एक हातात.

"मी तुझ्यावर नेमका कशासाठी रागावलोय, ते मलाच कळत नव्हतं," तो म्हणाला. "काल कळलं. मला मनाशी म्हणायचंय, की तेव्हा खरं सांगितलं असतं तरी मी तुझ्याशीच लग्न केलं असतं. पण मी सव्वीस वर्षांचा होतो, आई होती, काका होते. केलं असतं की नाही, मला माहीत नाही. आणि आता ते कधीच कळणार नाही. ते तू आणि तुझ्या वडिलांनी माझ्याकडून काढून घेतलंत."

ती म्हणाली, "हो."

तो दुसरा बूट घालून कामावर गेला. संध्याकाळी येताना भाजी घेऊन आला आणि ती निवडायला तिच्या शेजारी बसला. मग तो विषय घरात कुणी काढला नाही, पण बोलणं सुरू झालं.

तपासणीचे निकाल यायला अडीच महिने लागले. ह्या वेळी छोट्याही आला होता, पांढरी काठी घडी करून मांडीवर ठेवून. डॉक्टर बाईंनी सांगायला सुरुवात केली आणि पहिलंच वाक्य असं निघालं, की रफूवालीला ते परत विचारावं लागलं. बिघाड तिच्यातही होता. वडिलांचा, छोट्याचा आणि लेकीचा जो होता, तोच, अक्षरशः तसाच.

"मग मी आंधळी कशी नाही?" तिने विचारलं.

डॉक्टर बाई म्हणाल्या, आपल्याकडे बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. हे जनुक पेशींना लागणारं एक प्रथिन बनवतं. सगळ्या शरीराला ते लागतं, पण डोळ्यांच्या पडद्याला जरा जास्तच, म्हणून तुटवडा पडला की पहिला फटका तिथे बसतो. तुमच्या वडिलांकडून तुम्हा दोघा भावंडांना आलेली प्रत बिघडलेली आहे, ती जवळजवळ काहीच बनवत नाही. मग सगळा भार उरलेल्या चांगल्या प्रतीवर. आता गंमत अशी, की चांगल्या प्रतीही सगळ्यांच्या सारख्या जोमाने चालत नाहीत. कुणाची जोरात चालते, कुणाची बेताने. किती चालायचं, तेही जन्मतःच ठरून आलेलं असतं, त्या जनुकाच्या आसपासच्या, कधी त्याच्यापासून लांबच्या बारीकसारीक फरकांवरून. एरवी त्याने कुणाचं काही अडत नाही, दोन बेताच्या प्रती मिळून भागून जातं. पण एक प्रत बंद पडली, की दुसरी किती जोमाची आहे त्यावर सगळं येऊन ठेपतं.

"तुमच्या रक्तात आम्ही ते मोजलं," त्या रफूवालीला म्हणाल्या. "तुमची चांगली प्रत एकटीच जवळपास दोघींचं काम करते. तुमच्या भावाची तशी नाही. तुमच्या मुलीचीही नाही."

"ती चांगली प्रत आली कुठून?" तिने विचारलं, आणि विचारता विचारताच तिला उत्तर कळलं. वडिलांकडची तर बिघडलेली होती.

"तुमच्या आईकडून."

 रफूवालीची आई एका धुलाईकेंद्रात इस्त्री करायची. घरात तिच्याविषयी कुणी फारसं बोलत नसे. सगळ्या गोष्टी वडिलांच्या, सगळं दुःख वडिलांचं, आणि आई म्हणजे त्यांचा हात धरून चालणारी एक बाई. तू अगदी बापावर गेलीस, असं लोक म्हणायचे तेव्हा आई शेजारी उभी असायची. तिला जाऊन चौदा वर्षं झाली होती.

छोट्याने खाकरून विचारलं, म्हणजे आईची एक प्रत जोराची आणि एक बेताची होती, ताईला जोराची मिळाली आणि मला बेताची, असंच ना. डॉक्टर बाई म्हणाल्या, तसंच दिसतंय. आईंचं रक्त आपल्याकडे नाही, तेव्हा छातीठोकपणे सांगता येणार नाही, शिवाय ह्यातलं सगळं अजून कुणालाच कळलेलं नाही. कुठली कुणाला जाते, ह्यात कुणाची निवड नसते.

"गंमत आहे," छोट्या म्हणाला. "मी तिचा लाडका. साय मला, मोठा तुकडा मला. आणि खरी गोष्ट द्यायची वेळ आली, तेव्हा ताईला दिली." तो हसला. मग हसणं ओसरलं आणि त्याने हात पुढे करून बहिणीचा हात चाचपला. "बरं झालं. दोघांना बेताची मिळाली असती तर बाबांना घेऊन हिंडलं कोण असतं? मला चिठ्ठ्या कुणी वाचून दाखवल्या असत्या?"

नवरा इतका वेळ कोपऱ्यात ऐकत होता. त्याने विचारलं, मग पोरीला चांगली प्रत कुणाकडची. डॉक्टर बाई म्हणाल्या, तुमच्याकडची. आईकडून एकच प्रत येते, तिला बिघडलेली आली, त्यामुळे आजीची ती जोराची प्रत तिच्या वाट्याला येऊच शकली नाही. तुमची प्रत व्यवस्थित आहे, चारचौघांची असते तशी. एकटीने भार उचलण्याइतकी जोराची मात्र नाही.

नवऱ्याने त्यावर बराच विचार केला. सगळं वजन एका दोरावर आलं की काय होतं, हे लिफ्टच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. "म्हणजे माझी आळशी निघाली," तो शेवटी म्हणाला. लेक पहिल्यांदा हसली. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला ह्यातही हिस्सा पाहिजेच का?" तो म्हणाला, "पाहिजे." आणि आपल्या हाताच्या पंजाकडे बघत राहिला. त्या दिवशी बसमध्ये चौघं एकाच रांगेत बसले.

पुढे काय होणार, हे डॉक्टर बाईंनी लपवलं नाही. नजर आणखी आकसत जाईल, पण लेकीच्या बाबतीत ते हळूहळू होतंय. मधली नजर बरीच वर्षं टिकावी. औषध आज नाही, शोध चालू आहेत. मुलं झाली तर प्रत्येकाला ही प्रत जायची शक्यता अर्धी, आणि गेली तरी पुढे काय होईल, ते दुसऱ्या बाजूने काय येतं त्यावर.

हे शेवटचं वाक्य लेकीने त्या नकाशेवाल्याला जसंच्या तसं सांगितलं. रफूवालीला ते नंतर कळलं. खरं तर तिच्या मनात आलं होतं, लेकीला म्हणावं, की लग्न होईपर्यंत थांब, मग सावकाश सांग. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण लेकीने विचारायचीही वाट पाहिली नव्हती. मुलाने सगळं ऐकून घेतलं, हात हातात घेतला, थोडा वेळ दे म्हणाला. महिनाभर फोन येत राहिले, मग ते कमी झाले, आणि एक दिवस तो स्वतः येऊन तिच्याशी बोलून गेला. वाईट बोलला नाही. रडला म्हणे. पण गेला.

लेक चार दिवस शाळेत गेली नाही. रफूवाली दाराबाहेर बसून राहायची, ताट ठेवायची, ताट उचलायची. त्या दिवसांत तिला वडिलांची फार आठवण यायची. इतकी वर्षं त्या खोट्याची तिला लाज वाटत आली होती, आणि आता दिसत होतं, की वडिलांनी जगाला नीट ओळखलं होतं. ते खोटं बोलले म्हणून तिला हा नवरा मिळाला, हे घर मिळालं, ही लेक मिळाली. लेक खरं बोलली आणि तिच्या हातात काय आलं? तिने हे नवऱ्याला बोलूनही दाखवलं.  तो म्हणाला, ह्या घरात एकट्याने ओझं वाहणारी तू शेवटची असावीस, एवढं मला वाटतं.

पाचव्या दिवशी लेक उठली, आंघोळ केली आणि शाळेत मुख्याध्यापिकांना जाऊन आपला कागद दाखवून आली. बॅडमिंटन सुटलं. त्याऐवजी तिला सकाळचे वर्ग मिळाले, धावणं आणि लांब उडी, जिथे सगळं समोरून येतं आणि समोर जातं. सहा महिन्यांनी शनिवारी दुपारी ती मामाकडे जायला लागली. छोट्या एका कारखान्याच्या टेलिफोनवर होता, शनिवारी अर्धी सुट्टी. तो तिला काठी कशी धरायची ते शिकवायचा. तिला अजून गरज नव्हती. छोट्याचं म्हणणं, दिसतंय तोवर शिक, मला कुणी शिकवलं नाही, मी गुडघे फोडून शिकलो. दोघं डोळे बांधून घरभर फिरायची आणि मामी दोघांच्या वाटेतली भांडी उचलत राहायची. लेक काठी आपटत चालते, जमिनीशी काही वैर आहे का, असं छोट्या विचारायचा.

डॉक्टर बाईंनी पहिल्या दिवशी काढलेल्या त्या कागदाची एक नक्कल रफूवालीने मागून घेतली होती. ती टेबलाच्या खणात असायची. एका दुपारी काम नव्हतं म्हणून तिने ती काढली आणि बराच वेळ बघत बसली. वडिलांच्या चौकोनाशेजारी आत्याचा गोल होता. पांढरा. आत्याच्या खाली तिच्या मुलीचा गोल, त्याखाली नातीचा, दोन्ही पांढरे, आणि त्याखाली दोन लहान चौकोन, त्यांत काहीच लिहिलेलं नव्हतं. तिने आपल्या पांढऱ्या गोलातला, आत लपलेल्या बिघाडाचा तो ठिपका बघितला. मग पुन्हा आत्याचा गोल बघितला.

आतेबहिणीशी कित्येक वर्षांत जाणंयेणं नव्हतं. भांडण नव्हतं, नुसतंच राहून गेलं होतं. तिचं शहराच्या पलीकडच्या भागात चपलांचं दुकान होतं. रफूवालीने खिडकी लावली, ड्रायक्लीनरला सांगितलं, आज परत येणार नाही, आणि दोन बस बदलून गेली.

आतेबहीण शिडीवर चढून खोके लावत होती. आधी तिने ओळखलंच नाही, मग ओळखलं आणि घाईघाईने खाली उतरली. गिऱ्हाइकांना बसायचं असतं त्या बाकावर दोघी बसल्या. इकडची तिकडची विचारपूस झाली. नातू दोन, मोठा अकरा वर्षांचा, धाकटा आठ, असं ती कौतुकाने सांगत होती. मोठा जरा वेंधळा आहे म्हणाली, संध्याकाळी खेळायला नको म्हणतो, घरात बसून असतो.

रफूवालीने पिशवीतून कागद काढला आणि बाकावर, दोघींच्या मधे पसरला.

"माझे वडील ॲसिडने आंधळे झाले नव्हते," ती म्हणाली. "हे तुला सांगायला आलेय."

तिने सगळं सांगितलं, सुरुवातीपासून. सांगताना एका ठिकाणी अडखळली, पण पुढे गेली. दुकानात एक बाई येऊन सँडल बघून गेली, तेवढ्यापुरतं थांबली आणि पुन्हा सुरू केलं. आतेबहिणीचा चेहरा आधी बुचकळ्यात पडला आणि मग आक्रसत गेला. शेवटी तिने कागद हाताने थोडा दूर सारला.

"आमच्यात कुणाला काही नाही," ती म्हणाली. "आईला नव्हतं, मला नाही, पोरीला नाही. आमचे सगळ्यांचे डोळे चांगले आहेत."

"माझेही चांगले आहेत," रफूवाली म्हणाली.

 रस्त्यावरून शाळा सुटलेली पोरं जात होती. आतेबहिणीने कागद पुन्हा जवळ ओढला, ते दोन रिकामे चौकोन बघितले आणि खोक्याच्या झाकणाचा एक तुकडा फाडून रफूवालीपुढे धरला.

"त्या डॉक्टर बाईंचा पत्ता लिही," ती म्हणाली. "मोठं लिही."